नववा सांधा आणि नानासोचा कॅमेरा

नानासो सरगर पाच फुटी माणूस. एक बोट जास्त नाही, एक बोट कमी नाही. हे मी मापून सांगतो, कारण त्याच्या उंचीवर आमचं काम चालायचं. विहिरीची खोली आमच्याकडे अजून परसात सांगतात. परस म्हणजे एका माणसाची उंची. माणूस बदलला की परस बदलतो, म्हणून टोळीत एकाचाच परस धरायचा. आम्ही नानासोचा धरायचो. चार परस म्हणजे वीस फूट, म्हणजे बरोबर एक पाईप. तो म्हणायचा, "देवानं मला मापात कापूनच खाली सोडलंय."

आमचं काम बोअरमधल्या मोटरी काढायचं. बंद पडलेली वर काढायची, दुरुस्त झाली की परत सोडायची. तीन पायांचा लोखंडी घोडा, साखळीची पुली, पाईप धरायचे क्लॅम्प आणि माणसांचे दंड. कडेगावपासून खंडाळ्यापर्यंत मी हे तीस वर्षं केलं. गुडघे गेले तेव्हा थांबलो. नानासो अजून करतो.

तो आटपाडीकडचा धनगर. वडिलांच्या मागे मेंढरं भावांत वाटली गेली, तेव्हा हा आमच्या टोळीत आला. मेंढरं सुटली, सवय सुटली नाही. बसलाय आणि हात रिकामे आहेत असं मी त्याला पाहिलेलं नाही. लोकर कातेल, नाहीतर शेळीच्या केसांची दोरी विणेल. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे आडवे व्हायचे, हा विणत बसायचा.

कॅमेरा त्याला पाचगणीत मिळाला. तिथं एका घराची मोटर काढायला गेलो होतो. घर जयराज नावाच्या फोटोग्राफरचं. हा टेबललँडवर पर्यटकांचे फोटो काढायचा. मोबाईल आले आणि त्याचं गिऱ्हाईक संपलं. त्याच्या कपाटात सात-आठ कॅमेरे पडून होते, सगळे मुठीत मावणारे. काही चांदीसारखे चकचकीत. बटण दाबलं की भिंग गोगलगाईसारखं बाहेर यायचं, बंद केलं की आत जाऊन वर झाकण पडायचं. आम्ही सगळे त्यांच्यावरच भाळलो. नानासोनं मात्र एक काळा, जाडसर, कोपऱ्यांना स्क्रू दिसणारा कॅमेरा उचलला. पेंटॅक्स कंपनीचा.

"ह्येचं भिंग बाहीर येत न्हाई?" त्यानं विचारलं.

"नाही. आतल्या आत हलतं. पुढं नुसती सपाट काच," जयराज म्हणाला. "हा पाण्यातला आहे."

"पाण्यातला म्हंजे?"

जयराजनं कॅमेरा भरलेल्या बादलीत टाकला. टाकला म्हणजे खरंच टाकला, डुबुक आवाज आला. मग हात घालून काढला, शर्टाला पुसला आणि आमचा फोटो काढून दाखवला. फोटोत आम्हा चौघांचीही तोंडं उघडी आहेत.

नानासोनं तो उलटा केला. तळाला पितळी भोक होतं, आत आटे. पाव इंची.

"स्टँडला बसवायचं भोक ते," जयराज म्हणाला. "जगातला कुठलाही कॅमेरा घ्या, हेच माप."

मी फिटिंगचं काम केलेला माणूस. एका गावातले दोन लोहार एका मापाचा नट करत नाहीत. आणि इथं सातासमुद्रापलीकडच्या कंपन्या, एकमेकींच्या वैरी, पण भोक एकच. मी ते भोक बराच वेळ बघत राहिलो. नानासो मात्र वेगळंच बघत होता. भिंगाभोवती मोहरीएवढे सहा दिवे होते. ते कशाला, असं त्यानं विचारलं. जयराज म्हणाला, अगदी जवळून, बोटभर अंतरावरून फोटो काढायचा असेल तर कॅमेऱ्याची सावली पडते, म्हणून.

"म्हंजे बोटभरावरनं बी दिसतंय?"

"मुंगीचे डोळे दिसतात."

त्या दिवशीच्या मजुरीत नानासोनं कॅमेरा घेतला. आम्ही परतताना त्याला रस्ताभर पिडलं. कुणी म्हणालं, आता मेंढ्यांचं आधारकार्ड काढणार. वाईचा घाट उतरल्यावर नानासो म्हणाला, "मिस्त्री, साडेसहा इंचाच्या भोकात दीड इंची पाईप. उरलेल्या जागंत ह्यो बसतोय. मी बोटानं मापलाय."

तीस वर्षं मी ज्या भोकांपुढं वाकलो, ती आतून कशी असतात हे मला ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. मोटर अडकली की अंदाज करायचा. दगड पडला असेल, गाळ धरला असेल. मग ओढायचं. निघाली तर निघाली, पाईप तुटला तर बोअर मेलं. आंधळ्याचं काम होतं ते आणि आम्ही त्यालाच अनुभव म्हणत होतो.

नानासोला हे जमवायला वर्ष लागलं. पत्र्याची पट्टी काटकोनात वाकवून, पाव इंची बोल्टानं कॅमेरा असा बसवला की भिंग खाली बघेल. सहा दिवे जवळपुरतेच, म्हणून बाजूला दोन छोट्या बॅटऱ्या बांधल्या. व्हिडिओ चालू करायचा, खाली सोडायचा, वर काढून बघायचं. पहिल्यांदा सोडला तो नायलॉनच्या दोरीवर. पीळ सुटला आणि कॅमेरा भोवऱ्यासारखा फिरला. बघणाऱ्याला मळमळलं. सुंभ वापरला, तेच. पिळाची दोरी फिरणारच.

मग त्यानं गोफण विणतात तशी दोरी विणायला घेतली. विणीच्या दोरीला पीळ नसतो, ती फिरत नाही. काळ्या शेळीचे केस आणि दर परसाला पांढऱ्या लोकरीचा गोंडा. तीनशे फूट. मृगापासून दसऱ्यापर्यंत विणत होता. एक वीण ढिली पडली म्हणून चाळीस फूट उसवलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी तपासणार नव्हतं. मी फारशी कुणाची तारीफ करत नाही. त्या दिवशी उसवलेले केस मी गोळा करून दिले, एवढं पुरे.

राहिली खोलीची अडचण. चित्रात भिंत दिसते, पण ती कितव्या परसाची? त्यावरचा तोडगा ऐकून मी हसलो होतो. दोरी सोडताना गोंडा हाताला लागला की नानासो बोअरच्या तोंडात ओरडतो, "एक! दोन! तीन!" आवाज खाली जातो. कॅमेरा चित्राबरोबर तोही टिपतो. मग बघताना प्रत्येक दगडाला आपला आकडा ऐकू येतो.

गेल्या मार्चात तो माझ्या घरी आला. मी काम सोडून तीन वर्षं झाली होती, त्या कॅमेऱ्यातलं बोअर मी अजून बघितलं नव्हतं.

"बनाबाईचं बोअर. मोटर अडकलीय," तो म्हणाला. "म्हातारी म्हंती, ज्यानं सोडली त्यालाच बोलवा."

ती मोटर दहा वर्षांपूर्वी मी सोडली होती. मी चप्पल घातली.

बनाबाईची वस्ती आटपाडीच्या पुढं, उंच माळावर. कालव्याचं पाणी खालच्या शिवारात आलंय, माळावर चढत नाही. या एका बोअरआधी तीन कोरडी गेलेली. नवरा आणि लेक मोठा कळप घेऊन उसाच्या रानांत खतासाठी मेंढरं बसवायला कडेगावकडे उतरले होते. मागं ही एकटी आणि नुकत्याच व्यालेल्या साठ मेंढ्या. कोकरं चार-आठ दिवसांची. मेंढीला पाणी नाही तर दूध नाही, दूध नाही तर कोकरू नाही. शेजाऱ्याकडून आणलेलं पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत पुरणार होतं.

"उद्या पाणी न्हाई लागलं तर खाली उतरावं लागंल," बनाबाई म्हणाली. "आन चार दिसांचं कोकरू चालत न्हाई. कोकरांचा व्यापारी काल बघून गेलाय. दात कोरत हुबा व्हता मेला."

बोअरजवळ लालासाहेबाची क्रेनची गाडी उभी होती. हा शेजारच्या गावचा बागायतदार, मोटरी काढायचाही धंदा करतो. मनानं वाईट नाही, पण ताकदीवर फार भरवसा. आदल्या दिवशी त्यानं ओढलं होतं. पाईप चार फूट वर आला आणि थांबला, गाडीची मागची चाकं उचलली.

"दगुड पडलाय वरनं," लालासाहेब म्हणाला. "आज मागं वाळूची पोती टाकून वडतो. तुटला तर तुटला."

"तुटला तर मोटर खाली आन बोअर बंद," नानासो म्हणाला. "आदी चार फूट खाली सोडा."

"खाली? दिसभर वडून वर आणलंय आन खाली सोडू?"

"वडून धरल्यावर काय अडाकलंय ते दिसत न्हाई. ढिलं सोडा, मी बगतो."

नानासोनं पिशवीतून कॅमेरा काढला. लालासाहेब पोट धरून हसला. "काय रं, बोअरचा फोटो काढून लगीन जमवायचंय व्हय?"

"जमवायचं न्हाई, मोडायचंय. दगडाचं आन मोटरीचं."

"मोबाईल सोड की मंग. माझा घे, लय भारी हाय."

"लांबोडा हाय. तोंड खाली केलं की अडकतोय. आन पाण्यात गेला तर तुमचं सगळं सोयरं-धायरं त्यातच बुडायचं."

बनाबाई हसली नाही. ती म्हणाली, "सोडायचं ते सोडा. ऊन चढतंय."

लालासाहेबानं कुरकुरत पाईप चार फूट खाली सोडला. कॅमेरा आत गेला. नानासो गुडघ्यावर, तोंड बोअरला लावून. "एक!... दोन!..." दोरी बोटांतून जात होती, कुठंही घाई नाही. मी वर सूर्याकडे बघितलं आणि खाली बघितलं, त्याच्या हाताची गती तीच. छत्तीस म्हणाला आणि थांबला. दोरी हलकी झाली होती, म्हणजे कॅमेरा कशावर तरी टेकला होता. बोटभर वर उचलला, शंभर आकडे मोजेपर्यंत तसाच धरला आणि मग तेवढ्याच सावकाशीनं वर ओढला.

उन्हात पडदा दिसेना. बनाबाईनं घोंगडं आणलं. नानासो, मी आणि ती, तिघं घोंगड्याखाली डोकी घालून बसलो. लालासाहेबानं थोडा वेळ ताठा राखला, मग तोही घुसला.

आणि मी पहिल्यांदा बोअर आतून बघितलं.

वरचा मुरूम, मग काळा दगड. ड्रिल फिरल्याच्या खुणा भिंतीवर गोल गोल, कुंभारानं आतून बोट फिरवावं तशा. बाराव्या परसाला तांबडा पट्टा, दगडात कुंकू भरल्यासारखा. मधूनच एका भेगेतून पाण्याचा थेंब सुटताना दिसला, दिव्यात चमकला आणि खाली गेला. सगळं त्या दोन आगपेट्यांएवढ्या कॅमेऱ्यानं अंधारात, ओलीत, लटकत असताना टिपलेलं. चित्र हललं तर नाहीच, वर नानासोचा आवाज देवळातल्यासारखा घुमत होता, "एकोणीस!... वीस!..."

विसाव्या परसाला दोन पिवळे ठिपके.

"डोळं हायती!" लालासाहेब ओरडला.

बेडूक होता. कपारीत बसून आमच्याकडे बघत होता.

"दहा वर्सं आमचंच पाणी पितोय," बनाबाई म्हणाली. "कवा मोटर चालू करायला आला न्हाई."

चित्रात दर वीस फुटांवर पाईपचा सांधा यायचा. सांध्यावर सायकलच्या ट्यूबची काळी पट्टी, दोन वेढे आणि टोक आत खोचलेलं. ती माझी गाठ. मोटरीची केबल आणि जिवाची दोरी, म्हणजे पाईप तुटला तर मोटर धरणारी नायलॉनची दोरी, ही दोन्ही प्रत्येक सांध्यावर पाईपला बांधायची असतात. माझ्या गाठी दहा वर्षांनी जशाच्या तशा होत्या. पहिला सांधा, दुसरा, तिसरा. मला बरं वाटत होतं. आठवा सांधाही ठीक.

नववा सांधा छत्तिसाव्या परसाला. दगड नव्हता. सांध्यावर पट्टीच नव्हती. तिथं दोरी ढिली पडली होती, तिला पोट सुटलं होतं. दोन वेढे सांध्याखाली घसरून भिंतीच्या कपारीत पाचरीसारखे बसले होते. वर ओढलं की पाचर घट्ट होत होती. म्हणजे लालासाहेब जेवढा जोर लावत होता तेवढं स्वतःच आवळत होता.

नानासोनं चित्र थांबवलं. बटणानं मोठं केलं. केबलचं कातडं घासून गेलं होतं आणि आत तांब्याचा ठिपका चमकत होता.

"मोटर जळली न्हाई," तो म्हणाला. "हितं केबल घासून शॉर्ट झालीय. मोटर जिवंत हाय, मावशे."

बनाबाईनं पहिल्यांदा मोठा श्वास घेतला.

"आन पट्टी?" लालासाहेबानं विचारलं. "नवव्याची पट्टी कुटं गेली?"

नानासो पडद्यावरच बघत म्हणाला, "कुजून पडली असंल."

मी चित्र आणखी मोठं करायला लावलं. आठव्या सांध्यावर पट्टीच्या कडेनं पाईप गंजलेला, पट्टीखाली मात्र स्वच्छ. गळून पडलेल्या पट्टीखालीही तशी स्वच्छ जागा राहिली असती. नवव्यावर गंज सगळीकडे सारखा होता. तिथं कधी पट्टी बांधलीच नव्हती. नानासोला हे माझ्याआधी दिसलं होतं. जो माणूस चाळीस फूट दोरी एका विणीसाठी उसवतो, त्याला हे दिसत नाही असं होत नाही.

"कुजली न्हाई," मी म्हणालो. "मी बांधलीच न्हाई. ट्यूबच्या पट्ट्या संपल्या व्हत्या. आणायला गाडीपर्यंत जायचं व्हतं. एका गाठीनं काय व्हतंय म्हणलं."

घोंगड्याखाली गरम होत होतं. कुणी डोकं बाहेर काढलं नाही.

बनाबाई म्हणाली, "गाडी किती लांब व्हती?"

"चिंचंखाली."

"म्हंजे तीस पावलं." ती उठली. "आता काडा. चिच्चा मागनं खाऊ."

जिथं ताकद चालत नाही तिथं गळ चालतो. विहिरीत पडलेल्या घागरी काढायचा लोखंडी गळ बनाबाईच्या छपरात होता. त्याचे दोन फाटे मी हातोडीनं ठोकून मिटवले, एकच ठेवला. वजन बांधून तो नायलॉनवर खाली सोडला आणि चाचपत अडकवला. हाताला ओढ लागली.

"धरली," मी म्हणालो. "ओढा."

"थांबा," नानासो म्हणाला आणि कॅमेरा सोडला. परत छत्तीस परस, परत वर, परत घोंगडं.

गळ जिवाच्या दोरीत नव्हता, केबलमध्ये अडकला होता. ओढला असता तर केबल तुटून खाली गुंतली असती आणि मग खरोखरच सगळं संपलं असतं. माझा हात तीस वर्षांचा. तो मला खात्रीनं खोटं सांगत होता.

दुसऱ्या वेळी गळ दोरीला नुसता टेकला होता. तिसऱ्या वेळी नेमका दोरीच्या पोटात. प्रत्येक वेळी नानासोनं छत्तीस परस मोजून सोडले, छत्तीस मोजून वर घेतले. आवाज बसला, पण एक आकडा गाळला नाही. मधे बॅटरी संपली, त्यानं खिशातली दुसरी घातली. लालासाहेबानं कधीतरी क्रेनचा हूक सोडवून ठेवला आणि आमच्या घोड्याच्या साखळीला हात लावला.

मी गळाची दोरी ताणून धरली. खालचं पोट सरळ होताना हाताला कळलं. नानासोनं साखळी ओढली, एक एक कडी. पाईप हलला. चार फूट आला. पाचवा फूट आला. लालासाहेब "आरं आरं आरं" एवढंच म्हणत होता. पहिला सांधा वर आला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मी माझ्या गाठी एक एक करून सोडल्या. नववा उघडा सांधा माझ्या समोरून वर गेला, त्याला मी हात लावला.

मोटर वर आली. केबल जोडून, ट्यूब गुंडाळून, पाण्याच्या पिंपात चालवून बघितली. घरघरली. परत सोडायला घेतली तेव्हा नानासो कॅमेरा गळ्यात घालून पाईपशेजारी बसला. प्रत्येक सांध्यावर मी गाठ बांधायची, त्यानं बोटभर अंतरावरून फोटो काढायचा, मग पाईप खाली. फोटोत रबराच्या बारीक भेगासुद्धा दिसत होत्या. एका गाठीचं टोक बाहेर राहिलं होतं. मला नुसत्या डोळ्यानं दिसलं नव्हतं. परत बांधली.

वरून नववा सांधा आला. मी तीन वेढे घेतले.

"दावा," बनाबाई म्हणाली. नानासोनं पडदा तिच्यापुढं धरला. तिनं घोंगडं डोक्यावर ओढून, सावकाश, दोनदा बघितलं.

"सोडा," ती म्हणाली.

दिवस मावळायच्या आत पाणी आलं. आधी गढूळ, फेसाळ, मग नितळ. सिमेंटच्या दोणीत पडायला लागलं तसं साठ मेंढ्या एकदम उठल्या आणि कोकरं त्यांच्या पोटाखाली धडपडत धावली. लालासाहेबानं मिशी सारखी केली, क्रेनला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "नानासो, एक काड की माझा. गाडीसंगट."

"बॅटरी संपली," नानासो म्हणाला. खिशात तिसरी होती. मला माहीत होतं.

मग तो दोरी पुसायला बसला. छत्तीस परस, एक एक गोंडा, ओला राहिला तर कुजेल म्हणून. मी त्याच्या शेजारी बसलो आणि दुसरं टोक धरलं. बनाबाई दोणीजवळ उभी राहून मेंढ्या मोजत होती. मोजून झाल्यावर आली आणि माझ्यापुढं दुधाचा तांब्या ठेवला.

"मिस्त्री," ती म्हणाली, "पुढच्या येळंला गाडी जवळ लावा."